डोंगरीच्या गल्लीत चालणारी बाबागाडी

डोंगरी या नावातच डोंगर आहे. मुंबई बेटांची होती तेव्हा इथे टेकडी होती आणि टेकडीवर किल्ला होता. किल्ला गेला, टेकडीही बरीचशी खणली गेली. नवरोजी हिलसारख्या नावांत ती तेवढी उरली आहे. चार नळाच्या आसपास जुन्या चार-पाच मजली इमारती अजून खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. आत लाकडी जिने, हातांनी गुळगुळीत झालेले कठडे. खाली दुकान, दुकानापुढे हातगाडी, हातगाडीपुढे स्कूटर आणि स्कूटरपुढे जी जागा उरेल तो रस्ता. या रस्त्याने दिवसभर टेम्पो येतात, बर्फाच्या लाद्या जातात, शाळेची मुले जातात. बाबागाडी मात्र क्वचितच दिसते. आमच्या पाच दिवसांच्या मुक्कामात दोनच दिसल्या. एकीत बाळ होते, दुसरीत पाण्याचा वीस लिटरचा कॅन.

याच गल्लीत आमची लेक राहते. आम्ही म्हणजे दोघी बहिणी. थोरलीची ती मुलगी, पण 'आमची लेक' म्हणण्यात आम्ही कधी वाटणी केली नाही. थोरली खेडला घर सांभाळते, धाकटी तालुक्यातल्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. लेकीचे बाळंतपण ऑपरेशनने झाले. चाळीस दिवस सरले, टाके भरले, पण तिसऱ्या मजल्यावरून ती खाली उतरली ती फक्त दोनदा, बाळाच्या लसीसाठी. जावई कतारला नोकरीवर. घरात ती, बाळ आणि तिच्या सासूबाई. विहीणबाईंच्या गुडघ्यांनी कधीच रजा घेतली आहे. तरी दहाव्या आठवड्याच्या लसीला त्यांनीच नातीला खांद्याशी धरून दवाखान्यापर्यंत नेले, कारण ऑपरेशननंतर सुनेने वजन उचलू नये असे त्यांना वाटत होते. वाटेत त्या तीन वेळा दुकानांच्या पायऱ्यांवर टेकल्या. फोनवर लेक एवढेच म्हणाली, "खाला, आता खिडकीच बरी वाटते."

हे वाक्य आम्हा दोघींनाही बरे वाटले नाही. दिवाळीची सुट्टी लागणार होती. आजोळकडून नातीला काहीतरी द्यायचे होतेच. पाळणा तिच्या दादीने जुनाच घासूनपुसून काढला होता, कपड्यांचा ढीग झाला होता. म्हणून बाबागाडी. तीन घरांनी मिळून आठ हजार रुपये जमवले आणि कोकणकन्येने आम्ही पहाटे सीएसएमटीला उतरलो. पुढची लस चौदाव्या आठवड्याची. हातात तीन आठवडे होते.

आधी रस्ता मोजला

मोबाइलवर बाबागाड्या पाहायला बसलो तर रात्र सरते. प्रत्येक चित्रात हिरवे गवत, रिकामा रस्ता आणि हसणारी आई. त्या चित्रांत जिना नसतो. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही एकही दुकान पाहिले नाही. शिवणाच्या पेटीतली मापपट्टी आणि शाळेची चौरेघी वही घेतली आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची वाट मोजून काढली.

जिन्याच्या पायऱ्या एक्कावन्न. जिन्याची रुंदी ऐंशी सेंटिमीटर, वळणावर त्याहून कमी. इमारतीच्या दारात दोन पायऱ्या. गल्लीत स्कूटर आणि हातगाडी यांच्यामधली सर्वांत अरुंद जागा बासष्ट सेंटिमीटर. पुढे गटाराची चार झाकणे; त्यातले एक रस्त्याच्या वर, एक रस्त्याच्या खाली. मुख्य रस्त्यावर फुटपाथ आहे, पण तो कुठे वीतभर तर कुठे त्याहून उंच, आणि चढायला उतार फक्त एका टोकाला. मध्ये विजेची पेटी. म्हणजे फुटपाथवर चढलेली गाडी पुन्हा उतरवावीच लागणार. एकूण अंतर आमच्या चालीने साधारण अकराशे पावले.

हातात मापपट्टी पाहून लोक जमा झाले. एका चाचांनी दबक्या आवाजात विचारले, "बिल्डिंग तोडनेवाले हैं क्या?" त्यांचा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. शेजारच्या भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरची जुनी वस्ती पाडून उंच इमारती उभ्या करण्याचे काम चालू आहे, आणि या भागात मापपट्टी दिसली की माणसाला आधी आपले घर आठवते. आम्ही खरे कारण सांगितले. चाचा हसले आणि म्हणाले, मग हेही लिहा, की सकाळी आठच्या आत इथे निम्म्या स्कूटर नसतात. आम्ही लिहून घेतले. पाच दिवसांत मिळालेल्या सल्ल्यांत हा सर्वांत कामाचा ठरला.

मोहम्मद अली रोडने बाजाराकडे

दुसऱ्या दिवशी पायीच निघालो. मोहम्मद अली रोडवर डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल जातो. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल २००२ मध्ये सुरू झाला. त्यावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे साऱ्या मोटरसायकली खालून जातात. पुलाच्या छायेत आवाज आणि धूर दोन्ही कोंडतात. आपण मोठी माणसे पाच फुटांवर श्वास घेतो. गाडीतले बाळ मात्र वाहनांच्या धुराच्या नळकांड्याच्या उंचीला असते. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. तिथेच आम्ही ठरवले, की बैठक जितकी उंच तितकी चांगली आणि बाळाला मुख्य रस्त्यावर न्यायचे ते सकाळी, गर्दीआधी.

मिनारा मशीद मागे टाकून क्रॉफर्ड मार्केटपाशी आलो. १८६९ मध्ये बांधून झालेल्या या मंडईचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. आराखडा विल्यम इमर्सनचा आणि दर्शनी भागावरची शेतकऱ्यांची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंगची. बांधताना फरशीसाठी स्कॉटलंडमधल्या केथनेसचा दगड आणला होता म्हणतात. फळवाले इथे टोपल्या सरकवत नेतात ते पाहून वाटले, दीडशे वर्षांपूर्वी मालासाठी जमीन सपाट असावी हे लोकांना कळले होते.

मंडईशेजारी अब्दुल रहमान स्ट्रीट. खेळणी, वह्या, भेटवस्तू आणि बाळांच्या सामानाची दुकाने एकाला एक चिकटून. जवळच जामा मशीद, १८०२ मध्ये पूर्ण झालेली, आत जुने तळे असलेली; कोकणी मुसलमानांचा तिच्याशी जुना संबंध. बाजारात जोहरची अजान झाली तशी निम्मी शटरे अर्ध्यावर आली. आम्हीही जवळच्या नातेवाइकांकडे नमाज उरकली, डबा खाल्ला आणि मग दुकानांत शिरलो.

आठ हजारांच्या आसपासच्या गाड्यांचे, कंपनी कोणतीही असो, तीनच प्रकार असतात हे तासाभरात उमगले. कंपन्यांची नावे आम्ही मुद्दाम देत नाही. नमुने दरवर्षी बदलतात, घडण बदलत नाही. घडण ओळखता आली की नाव कोणतेही चालते.

पहिली, छत्रीसारखी मिटणारी. ही कल्पना ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याची. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाके पोटात घडी करून घेणाऱ्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. १९६५ मध्ये त्याने तीच अक्कल बाबागाडीला लावली आणि ॲल्युमिनियमची, तीन किलोंच्या आतली गाडी केली. आम्ही पाहिलेली चार किलो आठशे ग्रॅमची होती, किंमत ३,८०० रुपये. एका हातात उचलते, दाराआड उभी राहते. पण पाठ थोडीच मागे जाते. मान न धरलेल्या बाळाला त्यात बसवले की मान पुढे पडते, आणि मान पुढे पडली की श्वास अडू शकतो. सहा महिन्यांनंतर ती सोयीची, अडीच महिन्यांच्या बाळाला नाही. शिवाय चाके तळहाताएवढी.

दुसरी, साधी चार चाकांची. साडेसात किलो, किंमत ५,८०० रुपये. पाठ पूर्ण सपाट होते, म्हणजे नवजात बाळही झोपू शकते. दांडा पुढून मागे फिरतो, म्हणजे बाळाचे तोंड आपल्याकडे किंवा रस्त्याकडे, हवे तसे. चाके मोठी, सोळा सेंटिमीटरची, पुढच्या चाकांना धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा. रुंदी एक्कावन्न सेंटिमीटर. खाली चांगली खोल टोपली. घडी होते, पण दोन्ही हात आणि एक पाय लागतो.

तिसरी, एका हाताने घडी होणारी. सहा किलो दोनशे ग्रॅम, ८,९०० रुपये. कळ दाबली की आपोआप दुमडून शाळेच्या दप्तरापेक्षा थोडी मोठी होते. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जाते म्हणे. पाठ जवळजवळ सपाट. चाके मात्र पहिलीपेक्षा थोडीच मोठी.

चौथी गाडी आमच्या यादीत नव्हती, ती जावयाच्या यादीत होती. रात्री व्हिडिओ कॉलवर त्याने दोहाच्या समुद्रकाठचा रस्ता दाखवला. कॉर्निशवर संध्याकाळी आया बाबागाड्या ढकलत चालल्या होत्या, रस्ता आरशासारखा. मोटारीच्या आसनासह येणारी, अकरा किलोंची, आपल्या पंधरा-सोळा हजारांची गाडी तो तिथून कुणाबरोबर तरी पाठवणार होता. लेकीने फोन उलटा करून त्याला आपला जिना दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खाला, तुम्ही बघाल तीच घ्या." माणूस दूर असला की महाग वस्तू पाठवून जवळ येऊ पाहतो. त्यात त्याचे काय चुकले?

मॉलची फरशी आणि चोर बाजारातले चाक

तिसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या मोठ्या मॉलमध्ये गेलो. तिथे पंधरा-वीस गाड्या रांगेत उभ्या, प्रत्येकीवर वजन, घडीची मापे आणि किती किलोंपर्यंतचे मूल चालेल ते छापलेले. काहींवर युरोपातील 'ईएन १८८८' हे बाबागाड्यांच्या सुरक्षेचे मानक लिहिलेले होते. अशी माहिती वाचायला मॉल उत्तम. विक्रेती मुलगीही समंजस होती; पाच पट्ट्यांचा बंद कसा लावायचा ते तिने नीट दाखवले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून. तीन पट्ट्यांच्या बंदातून वळवळे मूल निसटू शकते, पाच पट्ट्यांतून सहसा नाही. पण गाडी चालवून पाहायची तर त्या फरशीवर सगळ्याच गाड्या एका बोटाने चालतात. ज्या परीक्षेत सगळेच पैकीच्या पैकी मिळवतात ती परीक्षा कसली? आम्ही विचारले, बाहेरच्या रस्त्यावर नेऊ का? तिने मान हलवली.

चौथा दिवस शुक्रवार. सकाळी चोर बाजारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. जुनी गाडी स्वस्तात मिळते का, हे पाहायचे होते. मिळत होत्या, पण एकीचा ब्रेक धरत नव्हता, दुसरीच्या पट्ट्याचे बक्कल तुटले होते आणि तिसरीच्या बिजागरीत आमच्याच थोरलीचे बोट चिमटले. ब्रेक, बक्कल आणि बिजागरी या तीन जागा धड नसतील तर फुकट मिळाली तरी गाडी घेऊ नये.

तिथेच एका दुकानदाराने शोभेची वस्तू म्हणून मांडलेली जुन्या धाटणीची प्रॅम होती. काळा टप, लोखंडी कमानी आणि सायकलसारखी तारांची मोठमोठी चाके. आम्ही ती ढकलली. बाजाराच्या उखडलेल्या रस्त्यावरून ती होडीसारखी गेली. शेजारून एक हमाल भरलेली हातगाडी नेत होता, तिची चाके तर कमरेएवढी. मुंबईची हातगाडी खड्ड्यांवरून का चालते आणि मॉलमधली नाजूक गाडी का अडते, याचे उत्तर समोर उभे होते. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक खड्ड्यावरून जाते. थोरली म्हणाली, "चाक बघून घेऊ, रंग बघून नको."

जिन्याचा प्रश्न

चाके पाहिली तर दुसरी गाडी, वजन पाहिले तर तिसरी. साडेसात किलोंची गाडी एक्कावन्न पायऱ्या कोण चढवणार? बाळ पाच किलोंचे. दोन्ही एकदम नेता येत नाहीत. एक फेरी बाळाची, एक गाडीची. मग मधल्या वेळात बाळ कोणाजवळ? तिसरी गाडी घेतली तरी हा प्रश्न सुटत नव्हता, सव्वा किलोने हलका होत होता एवढेच. आणि त्या सव्वा किलोसाठी तीन हजार शंभर रुपये जास्त.

उत्तर तळमजल्यावर होते. जिन्याखाली इस्त्रीवाल्याचे छोटे ठिकाण आहे. कोळशाची इस्त्री, कपड्यांचे गठ्ठे आणि मागे भिंतीशी हातभर मोकळी जागा. लेकीने स्वतः खाली उतरून त्याला विचारले. गाडी घडी करून, साखळीने बांधून तिथे ठेवली तर चालेल का? तो म्हणाला, "रखो ना बाजी. बस, कपड़े पर धूल नहीं आनी चाहिए." बदल्यात काही द्यावे असे सुचवले तर त्याने हात जोडले. शेवटी ठरले, की घरचे इस्त्रीचे कपडे आता त्याच्याकडेच जातील.

जिना असा वाटेतून बाजूला झाला. गाडी खालीच राहणार म्हटल्यावर वजन दुय्यम ठरले. सपाट पाठ, मोठी चाके आणि बासष्ट सेंटिमीटरमधून जाणारी रुंदी महत्त्वाची झाली.

उरल्या विहीणबाई. त्या पहिल्या दिवसापासून गप्प होत्या. शुक्रवारी जेवणानंतर बोलल्या. "आमची पाच पोरे याच गल्लीत कडेवर वाढली. गाडीत घातलेल्या पोरीला आईचा वास तरी येईल का? तोंड रस्त्याकडे, पाठ आईकडे. ही कसली माया?" आम्ही वाद घातला नाही, कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कडेवरच्या मुलाला माणसाची ऊब असते, ती कोणत्याही गाडीत नाही. लेक हळूच म्हणाली, "अम्मी, दांडा फिरवला की तिचे तोंड माझ्याकडेच राहते. आणि तुम्ही मागच्या वेळी तीन वेळा बसलात, ते मला दिसले होते." विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि पदराने चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "बरं. जाळी घ्या. या गल्लीत डास फार."

संध्याकाळी पुन्हा अब्दुल रहमान स्ट्रीट. मोबाइलवर तीच गाडी पाच-सहाशे रुपयांनी स्वस्त दिसत होती, ते दुकानदाराला सांगितले. तो ५,४०० वर आला, आणि मुख्य म्हणजे त्याने गाडी दुकानाबाहेर नेऊ दिली. आमच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या मिळून बाळाएवढे वजन आत ठेवले, गटाराच्या झाकणावरून नेली, फुटपाथवर चढवली, उतारावर ब्रेक लावून सोडली. जागची हलली नाही. डासांची जाळी २५० आणि साखळी-कुलूप १२०. एकूण ५,७७०. उरलेले पैसे लेकीच्या हातात ठेवले, टॅक्सीसाठी. प्रत्येक दिवस गाडी ढकलण्याचा नसतो.

अकराशे पावले

शनिवारी सकाळी साडेसातला निघालो. चाचांचे म्हणणे खरे होते, निम्म्या स्कूटर नव्हत्या. लेकीने बाळाला जिन्यावरून आणले, आम्ही खाली गाडी उघडून ठेवली. इमारतीच्या दारातल्या दोन पायऱ्यांवर चार हात लागले. पुढे गल्ली सरळ पार झाली. बर्फवाल्याने आपली गाडी न सांगता बाजूला घेतली. खाली गेलेल्या झाकणात पुढचे चाक अडकले. गाडी वळवून मागची चाके आधी नेली तशी निघाली. फुटपाथपाशी आम्ही हात टेकले. विजेच्या पेटीमुळे उचलून उतरवावीच लागली. उंच कडेवरून उतरताना गाडी पुढे लोटायची नाही, आपण आधी उतरून ती मागे ओढून घ्यायची, हे एका टॅक्सीवाल्याने दाखवले. त्याच्या घरी जुळी होती.

दवाखान्याच्या दारापर्यंत चोवीस मिनिटे लागली. दार बंदच होते, आम्ही फक्त वाट पाहून घ्यायला गेलो होतो. येताना विहीणबाईंनी दांडा आपल्या हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. म्हणाल्या, धरायला काही असले की गुडघ्यांना बरे वाटते. बाळ टपाखाली जागे होते आणि पुलाच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे डोळे मिचकावत होते. लेक पूर्ण वेळ बोलत होती. कोणते दुकान नवे निघाले, कोणते बंद झाले. अडीच महिने ती हे सगळे वरून पाहत होती, आता शेजारून पाहत होती.

वाचक भगिनींनो, तुमची गल्ली डोंगरीची नसेल. भिवंडीची असेल, मालेगावची असेल, चिपळूणच्या चढाची असेल. गाडी घेण्याआधी एक दिवस स्वतःच्या वाटेला द्या. दार, जिना, सर्वांत अरुंद जागा आणि सर्वांत उंच पायरी मोजा. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल तर पाठ पूर्ण सपाट होते का, तेवढे आधी पाहा. नसेल तर पुढचे पाहूच नका. पट्टे पाच हवेत, आणि पाच मिनिटांच्या वाटेलाही ते लावायला हवेत. ब्रेक उतारावर तपासा. दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नका, बाळ उचलताच गाडी मागे उलटते. उन्हात टपावर चादर टाकू नका, आत भट्टी होते. सरकत्या जिन्यावर गाडी कधीही चढवू नका. आणि वजनाची काळजी करण्याआधी तळमजल्यावर कोण बसते ते पाहा. त्याला विचारायला संकोच करू नका.

रस्ता रुंद करणे आपल्या हातात नाही, पण फुटपाथच्या दुसऱ्या टोकाला उतार मागणे आहे. मोजमापांच्या चौरेघी पानाची एक प्रत लेकीने ठेवून घेतली. नगरसेवकांच्या कार्यालयात ती देणार आहे. उतार झाला तर तो बाबागाडीपेक्षा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला जास्त उपयोगी पडेल.

शनिवारी रात्रीच्या कोकणकन्येने आम्ही परतलो. चौदाव्या आठवड्याच्या लसीला लेक आणि विहीणबाई दोघीच गेल्या. वाटेत कोणी पायरीवर बसले नाही. येताना अर्धा किलो भेंडी आणि कोथिंबिरीची जुडी आणली, खालच्या टोपलीत.